टॅक्स प्रिपेअररचे १८ तास: सीई कुठलं घ्यायचं, कधी घ्यायचं आणि ते वाया कसं जाऊ द्यायचं नाही

सीई म्हणजे कंटिन्युइंग एज्युकेशन, टॅक्स रिटर्न भरून देणाऱ्यांनी दर वर्षी करायचे कोर्स. माझ्या पहिल्या वर्षी माझे असे २३ तास झाले होते आणि त्यातले मोजले गेले फक्त ११. न्यू जर्सी स्टेट टॅक्सचे ४ तास घेतले होते, ते फेडरल नाहीत म्हणून बाद. सॉफ्टवेअर कसं वापरायचं याचं ५ तासांचं ट्रेनिंग, तेही बाद. आणि ३ तासांचा एक वेबिनार, ज्याच्यात मधूनमधून पोल येतात त्याला उत्तर द्यायचं असतं, तो पोल आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते, तवा तापलेला, हाताला पीठ, माऊसपर्यंत पोचेस्तोवर पोल बंद. तोही बाद. ३१ डिसेंबरला रात्री बसून बेरीज केली तेव्हा हे कळलं, आणि त्या वेळी काही करता येण्यासारखं नव्हतं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, कारण दर वर्षी कोणीतरी नवीन माणूस मला कुठलं सीई घेऊ हाच प्रश्न विचारतं आणि दर वर्षी नोव्हेंबरमध्येच विचारतं.

हे अमेरिकेतल्या फेडरल टॅक्स रिटर्नबद्दल आहे, म्हणजे पैसे घेऊन दुसऱ्याचं १०४० (माणसाच्या आयकराचा मुख्य फॉर्म) भरून देणाऱ्यांसाठी. आपली बरीच मंडळी यात आहेत. एच-४ वर (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) असताना वर्क परमिट आलं आणि सीझनल काम धरलं असे कितीतरी जण, आणि तिकडे पुण्यात अमेरिकन रिटर्नचं काम करणाऱ्या ऑफिसांमध्ये बसलेली बीकॉम, एमकॉम, सीए झालेली पोरं वेगळीच. (एच-१बी वर असणाऱ्यांनी साइडला पैसे घेऊन रिटर्न करू नये, तो इमिग्रेशनचा घोळ आहे, इथे त्यात जात नाही.)

आधी आपण कुठल्या रांगेत ते बघा

पैसे घेऊन फेडरल रिटर्न करायचं तर पीटीन लागतो, म्हणजे आयआरएसने (अमेरिकेच्या आयकर खात्याने) प्रिपेअररला दिलेला नंबर, याला पर्याय नाही. दर वर्षी रिन्यू करायचा, साधारण ऑक्टोबरच्या मध्याला रिन्यूअल उघडतं, ३१ डिसेंबरला जुना संपतो, फी २० डॉलरच्या आत आहे. सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्या भारतातल्या माणसालाही पीटीन मिळतो, त्याला फॉर्म ८९४६ जोडावा लागतो.

पण नुसता पीटीन असेल तर आयआरएस तुमच्याकडून एकही तासाचं सीई मागत नाही. हो, खरंच नाही. काहीही न शिकता पुढच्या वर्षीही रिटर्न करता येतं, कायद्याने. लोकांना हे ऐकून धक्का बसतो, केस कापायला लायसन्स लागतं आणि टॅक्स भरायला नाही.

याच्यामागे एक मजेदार गोष्ट आहे. २०११ मध्ये आयआरएसने ठरवलं होतं की सगळ्या प्रिपेअररना परीक्षा आणि दर वर्षी १५ तासांचं सीई कंपल्सरी करायचं. तीन प्रिपेअरर कोर्टात गेले, ती लव्हिंग केस. आयआरएस ज्या कायद्याच्या जोरावर हे करत होतं तो १८८४ चा, आणि त्याचं मूळ कुठे तर सिव्हिल वॉरमध्ये मेलेल्या घोड्यांची भरपाई सरकारकडून वसूल करून देणाऱ्या एजंटांना आवर घालण्यात. कोर्टाने म्हटलं की घोड्याच्या भरपाईसाठी सरकारपुढे कोणाची बाजू मांडणं वेगळं आणि घरी बसून रिटर्न भरून देणं वेगळं. जानेवारी २०१३ ला खालच्या कोर्टात आणि फेब्रुवारी २०१४ ला अपिलात आयआरएस हरलं. मग त्यांनी त्याच वर्षी मागच्या दाराने एक ऐच्छिक प्रोग्रॅम आणला, अ‍ॅन्युअल फायलिंग सीझन प्रोग्रॅम, आपण सगळे त्याला एएफएसपी म्हणतो. ते १८ तास म्हणतात ते याचे.

ऐच्छिक आहे तर करायचं कशाला? दोन गोष्टी मिळतात. एक, आयआरएसच्या पब्लिक डिरेक्टरीत नाव येतं. दुसरी जास्त कामाची: तुम्ही स्वतः केलेल्या आणि सही केलेल्या रिटर्नला ऑडिट लागलं तर क्लायंटच्या वतीने तुम्ही ऑडिटरशी किंवा कस्टमर सर्व्हिसशी बोलू शकता. अपील्स आणि कलेक्शनला नाही, तेवढंच. आणि यात एक गोम आहे जी बऱ्याच जणांना माहीत नसते, ज्या वर्षी रिटर्न केलं त्या वर्षीचंही रेकॉर्ड पाहिजे आणि ज्या वर्षी बोलायला जाताय त्या वर्षीचंही. मधे एक वर्ष गाळलं की त्या वर्षीच्या क्लायंटला नोटीस आली तर तुम्ही फोनवर गप्प. माझं नेमकं तेच झालं, त्या ११ तासवाल्या वर्षातल्या एका क्लायंटला दीड वर्षाने पत्र आलं आणि मला त्याला एका ईएकडे, म्हणजे आयआरएसची परीक्षा पास झालेल्या एन्रोल्ड एजंटकडे, पाठवावं लागलं. क्लायंट गेला तो गेलाच.

तुम्ही स्वतः ईए झालात तर सगळंच बदलतं, ते शेवटी सांगते. सीपीए (अमेरिकेतले सीए) आणि वकिलांचं सीई त्यांच्या त्यांच्या राज्याच्या बोर्डाकडे, त्यांनी हा लेख सोडला तरी चालेल.

आणि राज्यांचं वेगळं असतं हे डोक्यात ठेवा. कॅलिफोर्नियात असाल तर सीटेक नावाची संस्था आहे, तिथे आधी ६० तासांचा कोर्स, ५००० डॉलरचा बाँड आणि मग दर वर्षी २० तास, त्यातले ५ कॅलिफोर्निया टॅक्सचे, आणि त्यांची मुदत ३१ ऑक्टोबर, डिसेंबर नाही. न्यूयॉर्क, ओरेगॉन, मेरीलँड, कनेटिकट यांचीही आपापली भानगड आहे. बे एरियातले लोक ऑक्टोबरची तारीख विसरतात आणि मग पेनल्टी भरतात.

१८ ची फोड

सहा तासांचा एएफटीआर कोर्स, म्हणजे वर्षभराचा रिफ्रेशर, आणि त्याच्या शेवटी १०० प्रश्नांची टेस्ट, वेळ ३ तास, पास व्हायला ७० टक्के. त्याच्याशिवाय १० तास फेडरल टॅक्स लॉ, कुठलाही विषय. आणि २ तास एथिक्स. झाले १८.

काही लोकांना १५ च पुरतात, त्यांना एएफटीआर आणि टेस्ट माफ आहे: ज्यांनी २०११ ते २०१३ च्या दरम्यान ती जुनी परीक्षा पास केली होती ते, कॅलिफोर्निया किंवा ओरेगॉनसारख्या राज्याच्या प्रोग्रॅममध्ये असलेले, ईएच्या परीक्षेचा पहिला भाग गेल्या दोन वर्षांत पास झालेले वगैरे. त्यांची फोड अशी की ३ तास कायद्यातले नवीन बदल, १० फेडरल विषय, २ एथिक्स. तुम्ही ईए करायच्या विचारात असाल तर ही फार सोयीची गोष्ट आहे, पहिला भाग पास झालात की एएफटीआरची टेस्ट टळली.

एएफटीआरची टेस्ट ३१ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या आत पास झालेली पाहिजे, तुमच्या इथल्या वेळेनुसार. साडेअकराला चालू केली आणि साडेबाराला पास झालात तर ती गेली. तीन तासांची टेस्ट आहे हो, रात्री नऊनंतर चालू करायचीच नाही असा माझा घरातला नियम आहे. आणि एका वर्षी जास्त झालेले तास पुढच्या वर्षी ढकलता येत नाहीत, उरलेली आमटी दुसऱ्या दिवशी चालते तसं इथे चालत नाही.

पन्नास मिनिटांचा तास

सीईचा तास ५० मिनिटांचा असतो. ऐकायला छान वाटतं पण हिशोब उलट लागतो, कारण पूर्ण तासच मोजतात. ५० मिनिटांचा वेबिनार म्हणजे १ तास. ९० मिनिटांचा वेबिनार म्हणजेही १ तासच. १०० मिनिटं झाली की २. त्यामुळे ७५ किंवा ९० मिनिटांचे जे वेबिनार असतात त्यात तुमची २५-४० मिनिटं फुकट जातात. जाहिरातीत "दीड तास" लिहिलेलं असतं, शेजारी क्रेडिट किती ते बघायचं. ज्ञान फुकट जात नाही असं कोणीतरी म्हणेल, खरंय, पण डिसेंबरमध्ये मोजायला बसल्यावर असलं काही सुचत नाही.

तो लांबलचक नंबर वाचायला शिका

हे कोणी सांगत नाही आणि सगळ्यात उपयोगी हेच आहे. प्रत्येक मान्य कोर्सला आयआरएसचा एक प्रोग्रॅम नंबर असतो, पाच तुकडे, मधे डॅश. पहिला तुकडा प्रोव्हायडरचा कोड. दुसऱ्या तुकड्यात एकच अक्षर, तिथे नजर ठेवायची: ए असेल तर एएफटीआर, टी असेल तर फेडरल टॅक्स लॉचे विषय, यू असेल तर नवीन बदल म्हणजे अपडेट, ई असेल तर एथिक्स. क्यू दिसला तर तो रिटायरमेंट प्लॅनवाल्यांचा वेगळा प्रकार. तिसरा तुकडा त्यांचा अनुक्रमांक, चौथा वर्षाचे शेवटचे दोन आकडे, आणि शेवटच्या अक्षरावरून कळतं कोर्स कसा आहे, एस म्हणजे स्वतः वाचून करायचा, ओ म्हणजे लाइव्ह ऑनलाइन, आय म्हणजे प्रत्यक्ष जाऊन.

कोर्सच्या पानावर हा नंबरच दिसत नसेल तर तिथून पळा. "टॅक्स प्रोफेशनल्ससाठी सर्टिफिकेट" असं गुळगुळीत लिहिलेले कितीतरी कोर्स आहेत ज्यांचा आयआरएसशी काही संबंध नाही, त्यांचं सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावता येईल, बाकी उपयोग शून्य. आयआरएसच्या साइटवर मान्य प्रोव्हायडरची यादी आहे, त्यात नाव शोधायला दोन मिनिटं लागतात.

काय मोजलं जात नाही ते परत एकदा, कारण सगळे इथेच पडतात: स्टेट टॅक्स, प्रोग्रॅम नंबर नसलेलं सॉफ्टवेअरचं किंवा बुककीपिंगचं ट्रेनिंग, क्लायंट कसे मिळवायचे, ऑफिस कसं चालवायचं. यातलं शिकू नका असं नाही म्हणत, पण १८ मध्ये धरू नका.

विषय कसे निवडायचे, म्हणजे खरं काम इथे आहे

बहुतेक जण काय करतात, स्वस्तात १८ तासांचं एक पॅकेज घेतात, पीडीएफ उघडतात, खाली स्क्रोल करतात, प्रश्नांची उत्तरं शोधशोधून टाकतात आणि संपवतात. मीही केलंय. त्यातून रेकॉर्ड मिळतं पण फेब्रुवारीत क्लायंट समोर बसल्यावर ततपप होतं. ते १० तास आपल्याच हातात आहेत ना, मग आपल्या क्लायंटांना लागतं ते का शिकू नये.

माझी पद्धत सांगते. सीझन संपला, मे महिना लागला की मागच्या सीझनच्या फाइल्स उघडायच्या आणि कागदावर फक्त एवढं लिहायचं: कुठल्या रिटर्नमध्ये मी अडकले, कुठे गूगल केलं, कुठे दुसऱ्याला फोन केला, कुठे एक्स्टेन्शन टाकून वेळ मारून नेली. असे ४०-५० फाइल्समधून आठ-दहा विषय निघतातच. तीच तुमची यादी.

माझ्या पहिल्या अशा यादीत काय होतं बघा, तुमच्याकडे देसी क्लायंट असतील तर तुमचीही जवळपास हीच निघेल.

एक, भारतातले म्युच्युअल फंड. क्लायंट आला, दोघं नवराबायको आयटीत, गावाकडे सासऱ्यांनी सुरू करून दिलेली एसआयपी चालूच. मी विचारलं भारतात काही गुंतवणूक? म्हणाला, "हो पण तिथे टॅक्स भरतो ना, मग इथे कशाला." आता अमेरिकेच्या नजरेत भारतातला म्युच्युअल फंड म्हणजे पीएफआयसी (पॅसिव्ह फॉरेन इन्व्हेस्टमेंट कंपनी), त्याला फॉर्म ८६२१, तो साधा नफा-तोटा नसतो, वेगळाच आणि महागडा हिशोब असतो. वर्षाअखेरीला सगळ्या पीएफआयसींची किंमत २५००० डॉलरच्या आत असेल, जॉइंट रिटर्नला ५००००, आणि त्या वर्षी काही विकलं नसेल आणि मोठं काही हातात आलं नसेल तर फॉर्ममधून बहुधा सुटका होते. त्या माणसाने तर नेमके मुलीच्या डेकेअरसाठी विकले होते. मी त्याला खरं सांगितलं की हे मला येत नाही, आणि त्या उन्हाळ्यात माझ्या १० पैकी ४ तास त्या एका विषयावर घातले. आजपर्यंत सीईवर टाकलेले सगळ्यात वसूल झालेले पैसे ते.

दोन, भारतातली खाती. सगळ्या खात्यांची मिळून वर्षातल्या कुठल्याही दिवशी १०००० डॉलरच्या वर रक्कम गेली की एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती सरकारला कळवायची. लोक म्हणतात माझ्या प्रत्येक खात्यात थोडेथोडेच आहेत, पण बेरीज बघतात ती, एकेक खातं नाही. सरेंडर व्हॅल्यू असलेली एलआयसीची पॉलिसीही त्यात येते हे ऐकून दहातल्या नऊ जणांचा चेहरा पडतो. त्याच्याशिवाय परदेशी मालमत्तेचा फॉर्म ८९३८ वेगळा, त्याची मर्यादा वेगळी, अमेरिकेत राहणाऱ्या जोडप्याला वर्षाच्या शेवटच्या दिवशी १००००० किंवा मधे कधीही १५००००. आणि एनआरई एफडीचं व्याज, भारतात टॅक्स फ्री म्हणून सगळे खुशीत, अमेरिकेत मात्र ते नेहमीसारखं उत्पन्न.

तीन, एफ-१ वर आलेली मुलं. नॉनरेसिडेंटला स्टँडर्ड डिडक्शन मिळत नाही हे सगळ्यांना पाठ असतं, पण भारत-अमेरिका करारातल्या आर्टिकल २१ मुळे भारतातल्या विद्यार्थ्याला ते मिळतं. हे माहीत नसल्याने कितीतरी मुलांचा रिफंड बुडतो.

चार, आईवडील डिपेंडंट. ते सांगलीत राहतात आणि मुलगा इथून पैसे पाठवतो, तर ते होत नाहीत, कारण डिपेंडंट अमेरिकेचा नागरिक किंवा रेसिडेंट किंवा कॅनडा-मेक्सिकोचा रहिवासी लागतो. हे शिकायला पाच मिनिटं लागतात, क्लायंटला पटवायला अर्धा तास.

तुमच्याकडे ट्रक ड्रायव्हर, मोटेल, गॅस स्टेशन, सलून असे क्लायंट असतील तर यादी वेगळी निघेल, शेड्यूल सी (स्वतःच्या धंद्याचा फॉर्म), डेप्रिसिएशन, टिप्स. त्यांना पीएफआयसीचा कोर्स करून काय उपयोग.

अपडेटचे तास शेवटी ठेवा

२०२५ मध्ये काय झालं ते आठवा. ४ जुलैला तो मोठा टॅक्स कायदा सही झाला आणि त्यातले बरेच बदल त्याच वर्षीच्या रिटर्नला लागू. ज्यांनी मे-जूनमध्येच "२०२५ अपडेट" करून टाकलं होतं, त्यांच्या पीडीएफमध्ये चाइल्ड टॅक्स क्रेडिट २००० आणि प्रत्यक्षात झालं २२००. स्टँडर्ड डिडक्शन जॉइंटला ३१५०० झालं, सॉल्टची (राज्य आणि स्थानिक टॅक्सच्या वजावटीची) मर्यादा १०००० वरून ४०००० वर गेली. तास मोजले गेले त्यांचे, पण माहिती शिळी. तेव्हापासून माझा क्रम ठरलाय, टी अक्षराचे तास जून ते ऑगस्टमध्ये, ई कधीही, यू आणि ए मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरला, आणि डिसेंबर फक्त राहिलेलं निस्तरायला.

अपडेटच्या कोर्समध्ये नुसता आकडा पाठ करू नका, हिशोब करून बघा. ओव्हरटाइमचं डिडक्शन घ्या, ज्याला लोक "ओव्हरटाइमवर टॅक्स नाही" म्हणत सुटलेत. वेअरहाउसमधला क्लायंट, तासाला ३० डॉलर, ओव्हरटाइमला दीडपट म्हणजे ४५. वर्षात ४०० तास ओव्हरटाइम, हातात आले १८०००. तो समजतो १८००० वजा होणार. होत नाहीत. वजा होतो तो फक्त वरचा अर्धा भाग, तासाला १५, म्हणजे ६०००. मर्यादा एकट्याला १२५००, जॉइंटला २५०००, आणि उत्पन्न १५०००० च्या वर, जॉइंटला ३००००० च्या वर गेलं की ते कमी कमी होत जातं. २०२५ च्या डब्ल्यू-२ (वर्षाच्या पगाराचा फॉर्म) वर हा आकडा वेगळा दाखवायची एम्प्लॉयरला सक्ती नव्हती, म्हणजे पे स्टब मागवायची आणि दीडपट रक्कम एकत्र लिहिलेली असेल तर तीनने भागायचं. हे ज्याने सप्टेंबरमध्ये वहीत एकदा करून पाहिलं त्याला फेब्रुवारीत रांग लागलेली असताना घाम फुटला नाही.

एथिक्सचे २ तास

सगळ्यात कंटाळवाणे म्हणून लोक हे दोन तास कसेतरी उरकतात. मी दर वर्षी वेगळा विषय निवडते. एका वर्षी ड्यू डिलिजन्स आणि फॉर्म ८८६७, कारण अर्न्ड इन्कम क्रेडिट, चाइल्ड टॅक्स क्रेडिट, कॉलेजचं क्रेडिट आणि हेड ऑफ हाउसहोल्ड या चारांसाठी प्रश्न विचारून नोंद ठेवली नाही तर प्रत्येक चुकीला ६०० डॉलरच्या वर दंड, एकाच रिटर्नमध्ये चारही असले तर चार वेळा, आणि तो दंड क्लायंटला नाही, तुम्हाला. एका वर्षी डेटा सिक्युरिटी, कारण पीटीन रिन्यू करताना तुम्हाला कबूल करावं लागतं की क्लायंटच्या माहितीच्या सुरक्षेसाठी लेखी प्लॅन ठेवायची जबाबदारी माहीत आहे, आणि बहुतेकांनी तो प्लॅन लिहिलेलाच नसतो, नुसती टिकमार्क.

पुण्यात काम पाठवणाऱ्यांनी आणि पुण्यात बसून काम घेणाऱ्यांनी सेक्शन ७२१६ वरचा कोर्स नक्की घ्या. क्लायंटची माहिती अमेरिकेबाहेरच्या प्रिपेअररकडे जायच्या आधी क्लायंटची लेखी संमती लागते, ठराविक शब्दांतली, आणि १०४० च्या कामात सोशल सिक्युरिटी नंबर सहसा झाकूनच पाठवायचा असतो. यात फौजदारी गुन्हा होऊ शकतो. "आमच्या बॉसने घेतली असेल संमती" हे मी इतक्यांदा ऐकलंय.

पैसे कुठे वाचवायचे

आयआरएसचे स्वतःचे वेबिनार फुकट असतात आणि लाइव्ह बघितले तर क्रेडिट मिळतं. रेकॉर्डिंग नंतर बघितलं तर मिळत नाही, ते फक्त ज्ञानासाठी. विटा म्हणजे फुकट रिटर्न करून देणाऱ्या सेंटरवर व्हॉलंटिअर केलं तरी ठराविक अटींवर सीई मिळतं, देवळात किंवा लायब्ररीत बसून शिकायला नवीन माणसाला याच्याएवढी चांगली जागा नाही. उन्हाळ्यात आयआरएसचा नेशनवाइड टॅक्स फोरम असतो, वेगवेगळ्या शहरांत, तो महाग पडतो, हॉटेल-विमान धरून तर फारच, पण एकदा जाऊन या.

लाइव्ह वेबिनारला बसताना फोन सायलेंट, कुकरची शिटी होणार असेल तर आधीच गॅस बंद. तासाला कमीत कमी तीनदा पोल किंवा तसलं काहीतरी येतं. स्वतः वाचून करायच्या कोर्सला ही कटकट नाही पण शेवटी टेस्ट असते, तिथेही ७० टक्के.

तास झाले, पण पोचले का

कोर्स झाला की प्रोव्हायडर तुमच्या पीटीनवर क्रेडिट कळवतो. म्हणजे रजिस्टर करताना पीटीनचा एक आकडा चुकला किंवा नाव जुळलं नाही तर क्रेडिट अधांतरी. आपल्या बायकांचं हे हमखास होतं, पीटीनवर लग्नाआधीचं आडनाव, कोर्सला लग्नानंतरचं, पासपोर्टवर मधे नवऱ्याचं नाव, आणि सर्टिफिकेटवर तिसरंच काहीतरी. पीटीनवर जसं छापलंय तसंच, स्पेससकट, सगळीकडे टाका.

पीटीन अकाउंटमध्ये लॉगिन केलं की कळवलेले तास दिसतात. कोर्स झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी बघायचं, नसेल दिसत तर प्रोव्हायडरला सर्टिफिकेट जोडून मेल करायचा. आयआरएसला फोन करून उपयोग नाही, ते प्रोव्हायडरकडेच पाठवतात. सर्टिफिकेट चार वर्षं ठेवायची. माझ्याकडे एक फोल्डर आहे, फाइलच्या नावात तारीख, अक्षर आणि तास, उदाहरणार्थ "१४ जुलै टी २", म्हणजे बेरीज नुसती बघून होते.

आणि मग ही पायरी, जी करायची राहते. १८ तास पूर्ण, पीटीन रिन्यू, एवढ्याने एएफएसपीचं रेकॉर्ड येत नाही. पीटीन अकाउंटमध्ये जाऊन सर्क्युलर २३० चे (प्रिपेअररने कसं वागायचं याचे) नियम पाळेन अशी संमती द्यावी लागते. ती दिल्यावरच रेकॉर्ड ऑफ कम्प्लिशन तयार होतं. माझी एक मैत्रीण तीन महिने "माझं सर्टिफिकेट आलंच नाही" म्हणत बसली होती, मेसेज तिच्या ऑनलाइन इनबॉक्समध्ये न वाचलेला पडून.

ईए झालात तर

गणित तीन वर्षांचं होतं. तीन वर्षांत ७२ तास, पण कुठल्याही वर्षी १६ च्या खाली नाही, आणि प्रत्येक वर्षी त्यातले २ एथिक्सचे. पहिली दोन वर्षं १६-१६ करून तिसऱ्या वर्षी ४० करायचे असा हुशारपणा बरेच जण करतात, कायद्याने चालतं, पण त्या तिसऱ्या वर्षी त्यांचे हाल मी बघितलेत. वर्षाला २४ धरा. मधेच ईए झालात तर ज्या महिन्यात झालात तिथपासून महिन्याला २ तास, आणि एथिक्सचे २ तरीही पूर्ण. एएफटीआरचे ६ तास ईएच्या हिशोबात धरत नाहीत.

तुमची तीन वर्षं कधी संपतात ते सोशल सिक्युरिटीच्या शेवटच्या आकड्यावर: ० ते ३ एक गट, ४ ते ६ दुसरा, ७ ते ९ तिसरा. ज्यांच्याकडे नंबरच नाही ते ७ ते ९ च्या गटात, म्हणजे भारतातून परीक्षा दिलेले आपले बहुतेक ईए तिथेच. रिन्यूअल फॉर्म ८५५४ ने, १ नोव्हेंबर ते ३१ जानेवारी, आणि हे पीटीनच्या रिन्यूअलपेक्षा वेगळं आहे, एक केलं म्हणजे दुसरं झालं असं नाही. ३१ जानेवारी म्हणजे बरोबर डब्ल्यू-२ यायला लागतात तो आठवडा, तेव्हा फोन वाजायचा थांबत नाही, त्यामुळे हा फॉर्म दिवाळीच्या फराळाचं आवरून नोव्हेंबर लागला की लगेच भरून टाकायचा.